फोर्डचा न वाकणारा कारखाना

मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाचे लाभ हा विषय वर्गात शिकविताना हेन्री फोर्डचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. उत्पादन वाढले की स्थिर खर्च अधिक नगांवर विभागला जातो, नगामागचा खर्च उतरतो, किंमत उतरते, मागणी वाढते आणि वाढलेल्या मागणीमुळे उत्पादन आणखी वाढविता येते. हे चक्र फळ्यावर काढून दाखविले की विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतात आणि तास संपतो. हे चक्र १९२७ साली थांबले, ते खुद्द फोर्डच्याच कारखान्यात थांबले, आणि ते थांबण्याची कारणे ते सुरू होण्याच्या कारणांतच दडलेली होती, हा कथेचा उत्तरार्ध मात्र क्रमिक पुस्तकांत क्वचितच येतो. परीक्षेत त्यावर प्रश्न येत नाही, एवढेच त्याचे कारण असावे.

आज उद्योगधंद्यांच्या चर्चेत लवचिकता हा शब्द सतत कानांवर पडतो. आपल्याकडे तो बहुधा एकाच अर्थाने वापरला जातो: कामगार हवा तेव्हा ठेवता यावा आणि नको तेव्हा काढता यावा. संसदेने २०२० साली संमत केलेल्या औद्योगिक संबंध संहितेत कामगारकपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी घेण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर नेण्यात आली, तेव्हाही समर्थनार्थ हाच शब्द पुढे करण्यात आला होता. परंतु कारखान्यातील ताठरपणा नेमका कोठे असतो? कामगारात, यंत्रात, की मालकाच्या मनात? या प्रश्नाच्या दृष्टीने फोर्डचे चरित्र पुन्हा एकदा वाचण्यासारखे आहे.

हेन्री फोर्डचा जन्म ३० जुलै १८६३ रोजी अमेरिकेच्या मिशिगन राज्यात, आजच्या डिअरबॉर्न भागातील एका शेतावर झाला. वडील विल्यम आयर्लंडहून येऊन स्थायिक झालेले शेतकरी. हेन्री बारा वर्षांचा असताना आई वारली, आणि त्याच वर्षी त्याने रस्त्यावरून स्वतःच्या शक्तीने चालत येणारे एक वाफेचे इंजिन पाहिले. शेतीच्या कामात त्याला गोडी नव्हती. शेजाऱ्यापाजाऱ्यांची घड्याळे उघडून दुरुस्त करण्यात मात्र होती. सोळाव्या वर्षी तो डेट्रॉइटला गेला आणि यंत्रशाळेत उमेदवारी करू लागला. रात्री एका जवाहिऱ्याकडे घड्याळे दुरुस्त करून तो पोटाला कमी पडणारे पैसे मिळवीत असे. त्या वयातच त्याने एक हिशेब मांडला होता. एकाच प्रकारचे घड्याळ मोठ्या संख्येने केले, तर ते तीस सेंटमध्ये पडेल. घड्याळ ही सर्वांच्या गरजेची वस्तू नाही, असे वाटून त्याने तो बेत सोडला. वस्तू सोडली, पण हिशेब सोडला नाही.

१८९१ साली तो डेट्रॉइटच्या एडिसन वीज कंपनीत अभियंता म्हणून लागला आणि दोन वर्षांत मुख्य अभियंता झाला. नोकरी सांभाळून घरामागच्या शेडमध्ये त्याने पेट्रोलवर चालणारी चार चाकांची एक गाडी तयार केली. १८९६ च्या जून महिन्यात ती बाहेर काढायची वेळ आली, तेव्हा शेडचा दरवाजा गाडीपेक्षा अरुंद असल्याचे ध्यानात आले. मग कुऱ्हाडीने भिंतीच्या विटा फोडून गाडी रस्त्यावर आणावी लागली.

यानंतरची सात वर्षे चरित्रकार सहसा भराभर ओलांडतात. आपल्या विषयाच्या दृष्टीने ती महत्त्वाची आहेत. १८९९ साली भांडवलदारांच्या साह्याने स्थापन झालेली पहिली कंपनी थोड्याच काळात बुडाली. १९०१ साली निघालेल्या दुसऱ्या कंपनीतून फोर्डला पुढच्याच वर्षी बाहेर पडावे लागले. त्याच कंपनीचे पुढे कॅडिलॅक झाले. दोन्ही वेळा गुंतवणूकदारांची तक्रार साधारण एकच होती. हा गृहस्थ गाडी विक्रीला काढीतच नाही, सारखा काहीतरी बदलत बसतो किंवा शर्यतीच्या गाड्यांत रमतो. ज्याने पुढे एकच गाडी एकोणीस वर्षे धरून ठेवली, त्याने आधी दोन कंपन्या घालविल्या होत्या त्या सतत बदल करण्यापायी. १६ जून १९०३ रोजी तिसरी कंपनी नोंदविली गेली. तिचे प्रत्यक्ष भरलेले भांडवल २८,००० डॉलर होते. पहिल्या पाच वर्षांत तिने इंग्रजी मुळाक्षरांची नावे असलेली अनेक मॉडेले बाजारात आणली. ऑक्टोबर १९०८ मध्ये मॉडेल टी आले.

एक गाडी, एक यंत्र

मॉडेल टी ही दिसायला ओबडधोबड, पण विचारपूर्वक केलेली गाडी होती. हलके आणि चिवट व्हॅनेडियम पोलाद, वीस अश्वशक्तीचे इंजिन, चिखलाच्या रस्त्यांवर अडू नये म्हणून जमिनीपासून बरीच उंच बांधणी, आणि शेतकऱ्याला स्वतःच दुरुस्त करता येईल अशी रचना. शेतकरी तिचे मागचे चाक उचलून त्याला पट्टा लावीत आणि लाकूड कापण्याचे यंत्र चालवीत. पहिली किंमत ८५० डॉलर होती. १९०९ साली फोर्डने जाहीर केले की, यापुढे कंपनी हे एकच मॉडेल बनवील. विक्रेते घाबरले. निर्णय मात्र निव्वळ हट्टाचा नव्हता. सगळे पुढचे तंत्र त्या एका निर्णयावर उभे राहिले.

ते कसे, हे समजून घेण्यासारखे आहे. साध्या यंत्रशाळेतील लेथवर कुशल टर्नर आज एक काम करतो, उद्या दुसरे. यंत्र सर्वसाधारण असते आणि कौशल्य माणसाच्या हातात असते. फोर्डच्या हायलंड पार्क येथील कारखान्यात, म्हणजे १९१० पासून, हे नाते उलटे करण्यात आले. वस्तू बदलणारच नसेल, तर एकेका कामासाठी एकेक खास यंत्र बनविणे परवडते. इंजिनाच्या ठोकळ्याला चार बाजूंनी पंचेचाळीस भोके एकाच वेळी पाडणारे ड्रिल तेथे होते. ते काम दीड मिनिटात उरके. कामगाराने ठोकळा आत ठेवायचा, दांडा ओढायचा, ठोकळा बाहेर काढायचा. यासाठी वर्षानुवर्षे उमेदवारी केलेला फिटर लागत नाही. कालच बोटीतून उतरलेला, इंग्रजीचा शब्दही न जाणणारा स्थलांतरित चालतो. कौशल्य आता यंत्रात आणि जिग-फिक्श्चरमध्ये ओतले गेले होते. परंतु ओतून घट्ट झालेले कौशल्य पुन्हा पातळ करता येत नाही. ते ड्रिल पंचेचाळीस भोकांऐवजी अडतीस भोके, आणि तीही दुसऱ्या जागी, पाडू शकत नव्हते.

मग १९१३ साली सरकती जुळणी आली. कत्तलखान्यांत टांगलेले जनावर पुढे सरकत जाते आणि प्रत्येक खाटीक आपापला तुकडा कापतो, ती पद्धत उलटी फिरविल्यासारखी ही कल्पना होती. एका माणसाला मॅग्नेटो जोडायला वीस मिनिटे लागत; काम विभागून सरकत्या पट्ट्यावर घेतल्यावर ती वेळ अखेरीस पाच मिनिटांवर आली. चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, जुळवायला साडेबारा तास लागत, ते दीड तासावर आले. वर्ष उलटण्याच्या आत हे सारे घडले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. या काळात फोर्डचा कारखाना एका अर्थाने जगातील सर्वांत परिवर्तनशील कारखाना होता. यंत्रांच्या जागा सतत हलविल्या जात, कामाच्या पद्धती आठवड्या-आठवड्याला सुधारल्या जात, नवी कल्पना घेऊन येणाऱ्या तरुण अभियंत्याला मोकळीक असे. फक्त ही सारी परिवर्तनशीलता एकाच दिशेने वाहत होती: तीच गाडी अधिक स्वस्त कशी होईल. काय बनवायचे, हा प्रश्न कायमचा मिटला आहे असे धरून कसे बनवायचे, यावर सगळी बुद्धी खर्च होत होती.

काम इतके कंटाळवाणे झाले की माणसे टिकेनात. १९१३ साली सुमारे चौदा हजार जागा भरलेल्या ठेवण्यासाठी बावन्न हजारांहून अधिक माणसे नेमावी लागली. त्यावर उपाय म्हणून जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने पाच डॉलर रोज आणि आठ तासांचा दिवस जाहीर केला. चालू मजुरीच्या हे दुपटीहून अधिक होते. कारखान्याच्या फाटकावर हजारोंचे लोंढे लोटले. या उदारतेला अटी होत्या. कामगाराचे घर स्वच्छ आहे का, तो दारू पितो का, पैसे साठवितो का, हे पाहायला कंपनीचे निरीक्षक घरोघर फिरत. तरीही ज्या कामगाराने गाडी जुळवायची, त्यालाच ती विकत घेता आली पाहिजे, हा विचार अर्थशास्त्राच्या इतिहासात फोर्डच्या नावावरच जमा आहे, आणि तो नाकारण्याचे कारण नाही.

गाडीची किंमत १९१६ साली ३६० डॉलरवर आणि १९२५ च्या सुमारास ३०० डॉलरच्याही खाली आली. विशीच्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दर दोन मोटारींपैकी एक फोर्डची असे. १९१४ ते १९२५ पर्यंत ती फक्त काळ्या रंगात मिळे. दरम्यान रूज नदीकाठी त्याने अशी एक कारखान्यांची नगरी उभारली की तिच्या एका टोकाला बोटींतून खनिज लोखंड आणि कोळसा उतरे आणि भट्टी, ओतशाळा, काचकारखाना असे सारे टप्पे त्याच आवारात होते. दुसऱ्यावर अवलंबून राहायचेच नाही, ही त्यामागची भूमिका होती. ती यंत्रणा अत्यंत कार्यक्षम होती, फक्त तिच्यातील एक दुवा बदलायचा तर सगळेच हलवावे लागत होते.

सावधगिरीचे सहा कागद

बाजार मात्र हलला होता. रस्ते सुधारले होते. लोकांना छप्पर आणि काचा असलेली बंदिस्त गाडी हवी होती, आणि मॉडेल टीच्या हलक्या सांगाड्याला असे जड शरीर मानवत नव्हते. जनरल मोटर्स या प्रतिस्पर्धी कंपनीने १९१९ पासूनच हप्त्यांवर गाड्या देण्याची सोय केली होती. फोर्डला कर्जाचा तिटकारा होता. आणखी एक गोष्ट फोर्डच्या हिशेबात बसत नव्हती. ज्या गरीब माणसासाठी मॉडेल टी होती, त्याला आता दोन-चार वर्षे वापरलेली बरी गाडी त्याच किमतीत मिळू लागली होती. नव्या फोर्डला खरी स्पर्धा जुन्या गाड्यांची होती, आणि त्यांतल्या निम्म्याअधिक जुन्या गाड्या फोर्डनेच बनविलेल्या होत्या.

जनरल मोटर्सचे अध्यक्षपद १९२३ साली आल्फ्रेड स्लोनकडे आले. त्याची कीर्ती मोठी आहे. पण कारखान्याच्या दृष्टीने विल्यम नडसेन हा माणूस अधिक महत्त्वाचा, असे माझे मत आहे. हा मूळचा डेन्मार्कचा. तो फोर्डकडेच घडला आणि ठिकठिकाणचे जुळणी कारखाने त्यानेच उभारून दिले. १९२१ साली तो फोर्डला सोडून गेला आणि थोड्याच वर्षांत शेव्हरोलेचा प्रमुख झाला. तेथे त्याने एकाच कामाला जखडलेल्या यंत्रांऐवजी शक्यतो सर्वसाधारण, भारी बनावटीची, जुळवून घेता येणारी यंत्रे बसविली आणि कामे निरनिराळ्या गावांच्या कारखान्यांत विभागली. फोर्डइतकी स्वस्त गाडी त्याला करता आली नाही. पण दरवर्षी थोडी वेगळी गाडी करता आली. पुढे शेव्हरोलेने चार सिलिंडरांचे इंजिन सोडून सहा सिलिंडरांचे घेतले, तेव्हा आधीच एका प्रायोगिक शाखेत सारे करून पाहिलेले असल्यामुळे तो बदल काही आठवड्यांत पार पडला.

फोर्डच्या कंपनीत हे कोणाला दिसत नव्हते असे नाही. फोर्डचा एकुलता मुलगा एड्सेल नावाने अध्यक्ष होता आणि त्याला नवे मॉडेल हवे होते. त्याचा साडू अर्नेस्ट कॅन्झलर हा कंपनीतील वरिष्ठ अधिकारी. जानेवारी १९२६ मध्ये त्याने सहा पानांचे एक अत्यंत अदबशीर टिपण फोर्डला सादर केले. आपण मागे पडत आहोत, नवे इंजिन आणि नवी गाडी हवी, एवढाच त्याचा आशय होता. काही महिन्यांतच कॅन्झलर कंपनीबाहेर गेला. कोणत्याही मोठ्या कचेरीत काम केलेल्या वाचकाला हा प्रसंग समजावून सांगण्याची गरज नाही.

२६ मे १९२७ रोजी दीड कोटीवी मॉडेल टी बाहेर पडली. बाप-लेक तिच्यात बसून निघाले. त्याच्या आदल्या दिवशीच हे मॉडेल बंद होत असल्याचे जाहीर झाले होते. त्यानंतर जे घडले ते औद्योगिक इतिहासात अपूर्व होते. नव्या गाडीचा आराखडाही पुरता झाला नव्हता आणि कारखाने थांबविण्यात आले. नव्या गाडीचे ५,५८० भाग जवळजवळ सगळे नवे होते. हजारो यंत्रे मोडीत काढावी लागली, हजारो पुन्हा बांधावी लागली. जगातील सर्वांत मोठा मोटार कारखाना सुमारे सहा महिने गाडी बनवीत नव्हता. त्या वर्षी शेव्हरोलेने विक्रीत फोर्डला मागे टाकले.

एकट्या डेट्रॉइटमध्ये सुमारे साठ हजार माणसे घरी बसली. त्यांना बेकारी भत्ता नव्हता, नुकसानभरपाई नव्हती, परत कधी बोलावतील याची शाश्वती नव्हती. शहराच्या मदतनिधीवर ताण पडला. त्या वेळी डेट्रॉइटमध्ये धर्मोपदेशक असलेले आणि पुढे विचारवंत म्हणून गाजलेले राइनहोल्ड नीबुर यांनी फोर्डच्या परोपकाराच्या कीर्तीवर कठोर लेख लिहिले. त्यांचा रोख असा की, पाच डॉलर रोज मिळतो, पण वर्षातले किती दिवस मिळतो, हे कोणी विचारीत नाही. अर्थशास्त्राच्या शिक्षकाला हा प्रश्न फार पुढचा वाटतो. यंत्र न वाकण्याचा खर्च कंपनीच्या ताळेबंदात दिसतो; माणसे घरी बसण्याचा खर्च वाण्याच्या उधारीत आणि शाळेतून काढलेल्या मुलांत दिसतो, आणि तो कोणी मांडून ठेवीत नाही. फोर्डचा कामगार तर कमालीचा लवचिक होता. त्याने चौऱ्याऐंशीपैकी कोणत्याही जागी उभे राहून काम केले असते, अशी कामाची वाटणीच होती. ताठर होते ते पंचेचाळीस भोकांचे ड्रिल आणि त्याचा मालक.

२ डिसेंबर १९२७ रोजी मॉडेल ए लोकांपुढे आले, तेव्हा अमेरिकेभर गर्दीला आवरणे कठीण झाले. गाडी चांगली होती, रंगीतही होती. १९२९ आणि १९३० मध्ये फोर्ड पुन्हा पहिला आला, पण १९३१ मध्ये ती जागा पुन्हा गेली. स्पर्धेचे हे पडसाद आपल्यापर्यंतही पोहोचले होते. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत मोटारींची जुळणी सुरू केली आणि पेट्यांतून आलेले सुटे भाग जोडून शेव्हरोले गाड्या येथे तयार होऊ लागल्या.

पुढच्या वर्षांतील फोर्ड पाहावासा वाटत नाही. त्याच्या डिअरबॉर्न इंडिपेंडंट या साप्ताहिकाने ज्यूंविरुद्ध वर्षानुवर्षे विष ओकले होते. त्याबद्दल त्याने १९२७ साली क्षमा मागितली खरी, पण १९३८ साली हिटलरच्या राजवटीने दिलेले पदक स्वीकारले. मार्च १९३२ मध्ये रूज कारखान्यावर आलेल्या बेकारांच्या मोर्चावर गोळीबार झाला आणि माणसे मेली. कामगार संघटनेला तो १९४१ पर्यंत मान्यता देईना. २६ मे १९३७ रोजी त्याच्या पहारेकऱ्यांनी संघटनेच्या पुढाऱ्यांना पुलावर बेदम मारले, आणि २६ मे १९४३ रोजी एड्सेल वारला. शेवटच्या मॉडेल टीच्या मिरवणुकीची तारीखही तीच. योगायोगच, पण नजरेतून सुटत नाही.

महायुद्धात तोच धडा पुन्हा गिरवावा लागला. विलो रन येथे मोटारीप्रमाणे बॉम्बफेकी विमाने बनविण्याचे फोर्ड कंपनीने मनावर घेतले. पक्क्या पोलादी डाय तयार झाल्या, आणि इकडे युद्धातील अनुभवाप्रमाणे विमानदल आराखड्यात रोज बदल मागू लागले. प्रारंभी उत्पादन इतके रखडले की लोकांनी चेष्टा केली. तोडगा निघाला तो असा की, काही काळ आराखडा गोठवून विमाने बाहेर काढायची आणि बदल दुसऱ्या केंद्रांत करायचे. १९४४ मध्ये तासाला एक या गतीने विमाने निघू लागली.

फोर्डच्या कारखान्यातून योग्य तो धडा घेतला तो जपानने. १९५० साली टोयोटाचे एजी टोयोडा रूज कारखाना पाहायला गेले. त्यांच्या देशातील बाजार लहान होता. एकाच गाडीची लाखांनी मागणी तेथे नव्हतीच. म्हणून एकाच प्रेसवर आज एक आणि दुपारी दुसरा पत्रा कसा ठोकता येईल, याकडे त्यांच्या ताइइची ओनो या अभियंत्याने लक्ष दिले. एका हजार टनी प्रेसवरील डाय बदलायला चार तास लागत. १९७० च्या सुमारास ते काम तीन मिनिटांवर आले. फोर्डने भोके पाडण्याचा वेळ मोजला होता. यांनी भोके बदलण्याचा वेळ मोजला. ओनोने आपल्या विचारांचे श्रेय फोर्डला मोकळेपणाने दिले आहे, हे विशेष.

एड्सेलच्या मृत्यूनंतर जवळजवळ ऐंशी वर्षांच्या फोर्डने पुन्हा अध्यक्षपद घेतले. कंपनी तोट्यात खोल जात होती. घरातील बायकांनी आग्रह धरला, तेव्हा कोठे १९४५ च्या सप्टेंबरमध्ये त्याने कारभार नातवाच्या हाती दिला. ७ एप्रिल १९४७ रोजी रूज नदीला पूर आला होता. फोर्डच्या बंगल्याला वीज पुरविणारे त्याचे स्वतःचे वीजघर त्याच नदीवर होते. ते बंद पडले. एकेकाळी एडिसन कंपनीचा मुख्य अभियंता असलेल्या त्या वृद्धाने त्या रात्री मेणबत्ती आणि रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात प्राण सोडला.